जुन्या इंजिनाची मोड

अमेरिकेत राहणाऱ्या आपल्या मराठी मंडळींपैकी ज्यांच्यावर कधी गाडीचं इंजिन बदलायची वेळ आली असेल, त्यांनी बिलावर एक विचित्र ओळ पाहिली असेल. इंजिनाची किंमत इतकी, वाहतूक इतकी, कर इतका आणि त्याच्याखाली 'कोअर चार्ज', काही शे डॉलर. नवख्या माणसाला वाटतं, लावला चुना! मग दुकानदार समजावतो की तुमचं जुनं, बिघडलेलं इंजिन आम्हाला आणून द्या, हे पैसे परत मिळतील.

आपल्याला 'कोअर' म्हटलं की प्रोसेसरमधले कोअर आठवतात, किंवा प्रोग्रॅम मेल्यावर पडणारा 'कोअर डंप'. (तो शब्द जुन्या कॉम्प्युटरमधल्या चुंबकीय कड्यांच्या मेमरीवरून आला, पण तो विषय वेगळा.) इंजिनवाल्यांचा कोअर म्हणजे असा मेलेला भाग, ज्यात पुन्हा जीव घालता येतो.

आज या कोअर चार्जचा इतिहास लिहायचा आहे. सुरुवात डेट्रॉइटकडे होईल, पण मुक्काम वर्ध्याजवळच्या नालवाडीला आहे. कसा, ते कळेलच.

आधी ही भानगड नीट समजून घेऊ. इंजिन 'संपलं' असं आपण म्हणतो, तेव्हा ते सगळंच्या सगळं संपलेलं नसतं. पिस्टनच्या रिंगा झिजतात, बेअरिंग जातात, व्हॉल्व्ह नीट बसत नाहीत, सिलिंडरची आतली भिंत किंचित घासली जाते. पण ओतीव ब्लॉक, क्रँकशाफ्ट, हेड, कनेक्टिंग रॉड हा वजनाने आणि किमतीने मोठा असलेला ऐवज बहुतेक वेळा शाबूत असतो. ब्लॉकला बोअर मारून थोडे मोठे पिस्टन घातले, क्रँक ग्राइंड करून त्याला जाड बेअरिंग बसवले, हेड घासून सपाट केलं की तेच इंजिन पुन्हा उभं राहतं. नवीन ब्लॉक ओतायला लागणारं लोखंड, भट्टी आणि मशीनिंग, सगळं वाचतं.

म्हणजे इंजिनं नव्याने बांधून विकणाऱ्याचा कच्चा माल कोणता? मेलेलं इंजिन. ते त्याला हवं असतं आणि ते असतं तुमच्याकडे. तुम्ही ते घराच्या मागे पावसात टाकून दिलंत किंवा भंगारात किलोच्या भावाने विकलंत, तर त्याचा धंदा बसला. म्हणून तो नवीन इंजिन देतानाच तुमच्याकडून अनामत घेऊन ठेवतो. दुसऱ्या गाडीतून काढलेलं, वापरलेलं इंजिन विकणारेही अनेकदा असाच चार्ज लावतात, कारण तुमचं मेलेलं इंजिन ते पुढे बांधणाऱ्याला विकतात.

आपल्याकडच्या आकड्यांत मांडू. समजा इंजिन ६०,००० रुपयांचं आणि कोअर चार्ज १०,००० रुपये. तुम्ही ७०,००० मोजलेत. ठरलेल्या मुदतीत, समजा महिनाभरात, जुनं इंजिन परत नेलंत की १०,००० हातात. अटी असतात: ब्लॉकला तडा नको, रॉड तुटून ब्लॉकला भोक पडलेलं नको, क्रँक मोडलेला नको, सुटे भाग काढून घेतलेले नकोत, ऑइल काढलेलं हवं. यातलं काही बिनसलं तर पैसे कापतात किंवा मिळतच नाहीत. सी भाषेत प्रोग्रॅमिंग केलेल्यांना हे लगेच पटेल. मॅलॉक केलंस तर फ्री पण कर बाबा, आणि विसरू नयेस म्हणून आधीच पैसे ठेवून जा :)

या व्यवस्थेतल्या तीन गोष्टी लक्षात ठेवा, पुढे कामाला येतील. एक, मेलेल्या वस्तूची किंमत आधीच ठरते आणि कागदावर येते. दोन, ती परत आणायची जबाबदारी ज्याने वापरली त्याचीच. तीन, जो आणून देतो त्यालाच पैसे मिळतात.

आता इतिहास. १९३० च्या दशकात, महामंदीच्या काळात, अमेरिकेत लोकांकडे नवीन गाडी घ्यायला पैसे नव्हते, पण जुनी चालवणं भाग होतं. फोर्डने १९३२ मध्ये आपलं प्रसिद्ध व्ही-८ इंजिन आणलं आणि त्याच दशकात डीलरांमार्फत 'जुनं द्या, दुरुस्त केलेलं घ्या' अशी इंजिन बदलून देण्याची योजना चालवली. गिऱ्हाइकाची गाडी आठवडाभर गॅरेजमध्ये अडकून पडायला नको. तयार इंजिन बसवायचं, जुनं कारखान्यात पाठवायचं आणि ते दुरुस्त होऊन पुढच्या कोणाच्या तरी गाडीत जायचं. पुढे दुसऱ्या महायुद्धात धातूची टंचाई झाली, तेव्हा ही कल्पना आणखी पक्की झाली. युद्धानंतर युरोपात तर पर्यायच नव्हता. जर्मनीत फोक्सवॅगनने १९४७ मध्ये बदली इंजिनांचं काम सुरू केलं. फ्रान्समध्ये रेनॉने १९४९ मध्ये पॅरिसजवळ श्वाझी-ल-र्वा इथे त्यासाठी वेगळा कारखानाच चालवायला घेतला.

या सगळ्यात एक धागा दिसतो. टंचाई आली की मेलेल्या इंजिनाची किंमत कळते, आणि किंमत कळली की ते परत यावं म्हणून कोणीतरी नियम बनवतं. पर्यावरण वगैरे शब्द नंतर चिकटले. मुळात कारण साधं होतं, लोखंड नव्हतं.

आपल्याला यात काही परदेशी वाटायचं कारण नाही. मराठीत त्याला स्वतंत्र शब्द आहे: मोड. आजीच्या काळी तांब्या-पितळेची जुनी, चेपलेली, भोक पडलेली भांडी घेऊन तांबटाकडे जायचं. तो ती तागडीत टाकायचा, मोडीचा भाव सांगायचा, तेवढे पैसे नव्या भांड्याच्या किमतीतून वजा व्हायचे आणि घडणावळ वेगळी द्यावी लागायची. सोनाराकडे आजही हेच चालतं. मोड किती, घट किती, मजुरी किती. 'मोडीत काढणं' हा वाक्प्रचार आपण 'टाकून देणं' या अर्थाने वापरतो, पण मूळ व्यवहारात मोडीत काढलेली वस्तू टाकली जात नव्हती. तिची पुन्हा वस्तू होत होती. दारावर येणारी बोहारीणही तेच करायची. जुन्या साड्या, जुन्या पँटी घ्यायची आणि भांडं द्यायची. फक्त तिच्याकडे तागडी नसायची, घासाघीस असायची, आणि त्या घासाघीशीत आपल्या आया हरल्याचं मी कधी पाहिलेलं नाही.

गाडीच्या बॅटरीच्या बाबतीत आपण हा व्यवहार आजही करतो. जुनी बॅटरी दिली तर एक भाव, नाही दिली तर दुसरा. त्यामागे शिशाची किंमत आहे आणि कायदाही आहे. २००१ च्या नियमांनी वापरलेल्या बॅटऱ्या परत गोळा करायची जबाबदारी उत्पादक आणि विक्रेत्यांवर टाकली. २०२२ मध्ये त्यांच्या जागी नवीन नियम आले आणि उत्पादकांची जबाबदारी आणखी वाढली.

इंजिनाचं मात्र आपल्याकडे बरंचसं तोंडी चालतं. मोठ्या ट्रक कंपन्यांच्या योजना आहेत. टाटा मोटर्सच्या 'प्रोलाइफ'मध्ये जुना भाग देऊन पुन्हा तयार केलेला भाग घेता येतो. पण साध्या गाडीवाल्याचा व्यवहार होतो तो जुन्या स्पेअरच्या बाजारात. मुंबईत कुर्ल्याला जाऊन बघा. 'हाफ इंजिन', 'फुल इंजिन' असे भाव सांगितले जातात आणि जुन्या इंजिनाचं काय, हा प्रश्न हवेत राहतो.

नालवाडीला माझा मावसभाऊ राहतो. वर्धा शहराला लागूनच आहे गाव. शाळेची मुलं ने-आण करायला त्याच्याकडे एक व्हॅन होती. एका उन्हाळ्यात तिचं इंजिन बसलं. एका मोठ्या शहरातून त्याने वापरलेलं इंजिन आणलं, तिथल्याच गॅरेजने ते बसवून दिलं. बिलावर इंजिनाचा भाव होता, बसवायची मजुरी होती, ऑइल होतं. जुन्या इंजिनाचा उल्लेखच नव्हता. आठवड्याने त्याने फोन करून विचारलं, तर उत्तर मिळालं ते त्याने मला असं सांगितलं: "दादा, जुनं इंजिन तं गेलं भंगारात, म्हणते थो. आता त्याचं काय मांगतो म्हणे!"

भंगारात गेलं असेलही. पण त्याचा ब्लॉक चांगला होता आणि क्रँक चांगला होता, हे त्याला स्वतःच्याच मेकॅनिकने सांगितलं होतं. म्हणजे त्या इंजिनाला किंमत होती, ती कोणाला तरी मिळाली, फक्त कोणाला ते कागदावर नव्हतं.

त्याच्याशी फोनवर बोलताना मला राहून राहून वाटत होतं की नालवाडीत हा प्रश्न नवा नाही. नव्वद वर्षांपूर्वी याच गावात नेमक्या याच प्रश्नावर काम चाललं होतं. तेव्हाचं इंजिन वेगळं होतं इतकंच. तेव्हाचं इंजिन म्हणजे बैल.

विचार करा. नांगर ओढायचा, गाडी ओढायची, मोटेचं पाणी काढायचं. गावातली सगळी ताकद बैलाची. आणि इंजिनासारखाच बैलही एक दिवस बसतो. मग त्या मेलेल्या बैलाचं काय करायचं? त्याची 'मोड' किती आणि ती कोणाची?

विनोबा भावे १९२१ मध्ये वर्ध्याला आले आणि १९३२ च्या अखेरीला नालवाडीला राहायला गेले. १९३८ मध्ये पवनारला जाईपर्यंत त्यांचा मुक्काम तिथे होता. दिवसभर सूत कातून जी मजुरी मिळेल तिच्यातच जगता येतं का, हा प्रयोग त्यांनी तिथे स्वतःवर केला. आपल्या भाषेत, दुसऱ्यासाठी किंमत ठरवण्याआधी स्वतः त्या किमतीत राहून बघणं. १९३४ मध्ये त्यांनी ग्रामसेवा मंडळ सुरू केलं, आणि १९३५ च्या सुमारास त्यांचे सहकारी गोपाळराव वाळुंजकर यांनी नालवाडीत चर्मालय उभं केलं. तिथे कातडं वापरायचं ते फक्त आपोआप मेलेल्या जनावरांचं. कत्तलीचं नाही.

यामागे एक हिशेब होता. सप्टेंबर १९३४ मध्ये 'हरिजन'मध्ये गांधीजींनी खेड्यातल्या कातडी कमावण्याच्या धंद्यावर लेख लिहिला. दरवर्षी सुमारे नऊ कोटी रुपयांचं कच्चं कातडं देशाबाहेर जातं आणि त्यातलं बरंच पक्क्या मालाच्या रूपात परत येतं, असा आकडा त्यांनी दिला. तेव्हाचे नऊ कोटी! मेलेल्या जनावरात कातडं आहे, हाडांचं खत आहे, शिंगं आणि खुरं आहेत, आतड्याची तात आहे. हे सगळं गावातच नीट वापरलं तर गावाला पैसा मिळेल, असा त्यांचा मुद्दा. त्याच वर्षाच्या डिसेंबरात अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला, त्याचं कामकाज वर्ध्याहून चालू लागलं आणि जे. सी. कुमारप्पा त्याचे चिटणीस झाले. नालवाडीचं चर्मालय हे त्याच विचाराचं एक चालतं-बोलतं उदाहरण होतं.

आणि गंमत बघा, अटीसुद्धा कोअरच्या अटींसारख्याच. मेलेलं जनावर जमिनीवरून ओढत नेलं तर कातडं घासून खराब होतं, म्हणून ते उचलून किंवा गाडीवरून न्यायला हवं. उन्हाळ्यात काही तासांत कुजायला लागतं, म्हणून लगेच सोलायला आणि मीठ लावायला हवं. सोलताना सुरीचा काप गेला की किंमत पडली. चुन्यात भिजवून केस काढायचे, मग बाभळीच्या साली, हिरडा असल्या गोष्टींनी कमवायचं, या देशी पद्धतीत महिने जायचे. म्हणजे सुरुवातीच्या काही तासांत जो हलगर्जीपणा होईल, त्याची भरपाई पुढे कितीही मेहनत घेतली तरी व्हायची नाही. भोक पडलेला ब्लॉक जसा कोणी घेत नाही, तसंच.

वर्ध्याच्या जमनालाल बजाज यांनी १९४१ मध्ये गोसेवेचं काम हाती घेतलं आणि नालवाडीजवळच्या गोपुरीत ते झोपडीत राहायला गेले. फेब्रुवारी १९४२ मध्ये त्यांचं निधन झालं. ज्या घराण्याचं नाव पुढे देशभरातल्या स्कूटरवर गेलं, त्या घराण्याच्या कर्त्या माणसाचे शेवटचे महिने गाईबैलांच्या कामात गेले.

इथपर्यंत गोष्ट छान वाटते. वाया जाणारी वस्तू, तिच्यातली किंमत ओळखणारे हुशार आणि सज्जन लोक, गावातच रोजगार. आजच्या कुठल्याही स्टार्टअपच्या प्रेझेंटेशनमध्ये शोभेल. पण एक प्रश्न राहतो. ते मेलेलं जनावर उचलून आणत कोण होतं?

आपल्या गावगाड्यात त्याचं उत्तर जातीने ठरवून दिलेलं होतं. मेलेलं ढोर ओढून न्यायचं ते महारांनी. कातडं कमवायचं ढोरांनी. जोडे शिवायचे चांभारांनी. मोट शिवून घ्यायची आणि चपला घालायच्या बाकीच्यांनी. बैल ज्याच्या शेतात वर्षानुवर्षं राबला, तो शेतकरी त्याला शेवटचा हात लावत नसे. कातडं कोणाचं, याची रीत गावोगाव वेगळी. कुठे ते नेणाऱ्याकडे राही, कुठे मालकाला परत द्यावं लागे. पण नेणं सक्तीचं, हे सगळीकडे सारखं. वर ज्याने ते काम केलं तो त्याच कामामुळे विटाळलेला.

म्हणजे मोडीला किंमत होती, हे सगळ्यांनाच ठाऊक होतं. पण भाव लिहिलेला नव्हता, परत आणायची जबाबदारी वापरणाऱ्याची नव्हती आणि आणणाऱ्याला 'नाही' म्हणायची सोय नव्हती. वर लक्षात ठेवायला सांगितलेल्या तीनही गोष्टी उलट्या.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२७ च्या महाड परिषदेपासून सांगायला सुरुवात केली की मेलेल्या जनावराचं मांस खाणं सोडा, ढोरं ओढणं सोडा. त्यावर विरोध करणाऱ्यांनी जो युक्तिवाद केला तो मोठा शहाजोग होता. तुमचंच नुकसान होईल हो! शिंगं, खुरं, हाडं, कातडं यांचे पैसे बुडतील! १५ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात, दीक्षेच्या दुसऱ्या दिवशी, बाबासाहेबांनी आपल्या भाषणात याचा समाचार घेतला. वर्तमानपत्रात कोणीतरी गावामागे वर्षाला पाचशे रुपयांच्या फायद्याचा हिशेब मांडला होता. बाबासाहेबांच्या उत्तराचा सारांश असा: एवढा फायदा असेल तर तो तुम्हीच घ्या ना. तुमची जनावरं तुम्ही उचला, वर पाचशे रुपये मी माझ्याकडून देतो. दूध तुम्ही प्यायचं आणि मेल्यावर आम्ही ओढायचं, हे कसं?

नागपूर ते नालवाडी अंतर फार तर पाऊणशे किलोमीटर. मेलेल्या जनावराची दोन गणितं इतक्या जवळजवळ मांडली गेली. पहिल्या गणिताचा प्रश्न होता, या मोडीची किंमत किती. दुसऱ्याचा प्रश्न होता, ती उचलायची कोणी आणि का.

नालवाडीला हा दुसरा प्रश्न ठाऊकच नव्हता असं म्हणणं अन्यायाचं होईल. ज्यांच्या जातीचं हे काम नव्हतं अशांनीही ते शिकावं, हाताने करावं, असा तिथला आग्रह होता आणि तो त्या काळात सोपा नव्हता. पण चार आश्रमवासीयांनी स्वेच्छेने हात घालणं वेगळं आणि गावागावातली सक्ती मोडणं वेगळं. सक्ती मोडली ती मुख्यतः ज्यांच्यावर होती त्यांनी काम सोडल्यामुळे. पैशाचं नुकसान सोसून सोडल्यामुळे. बाबासाहेबांचं म्हणणं लोकांनी मानलं तेव्हा कोणाकडेही पर्यायी धंदा तयार नव्हता, हे विसरू नये. हे सगळं जुनं झालं असंही नाही. जुलै २०१६ मध्ये गुजरातेत उनाजवळ मेलेल्या गाईचं कातडं काढणाऱ्या दलित तरुणांना मारहाण झाली. त्यानंतर तिथल्या अनेक दलितांनी मेलेली जनावरं उचलणं बंद केलं आणि काहींनी ती सरकारी कचेरीसमोर नेऊन टाकली. साठ वर्षांपूर्वीच्या नागपूरच्या भाषणातलंच उत्तर होतं ते: तुमची आहे, तुम्हीच बघा.

म्हणून मला आता कोअर चार्जकडे बघताना ती दुसरी अट सगळ्यात महत्त्वाची वाटते. वापरलं त्याने परत आणायचं. वरवर ही अट दुकानदाराच्या सोयीची आहे. पण तिच्यामुळे मेलेल्या वस्तूचं ओझं कोणा तिसऱ्या, नाव नसलेल्या माणसाच्या पाठीवर जात नाही. ते तुमच्या माझ्या खात्यावर राहतं, १०,००० रुपयांच्या रूपात. स्वतः नेऊन दिलंत तर पैसे तुमचे. दुसऱ्या कोणाकडून न्यायचं असेल तर त्याला भाव सांगा आणि पैसे द्या, तो 'नाही' म्हणू शकतो. नेऊन दिलं नाहीत तर तुमचं नुकसान, आणि तो तुमचा निर्णय.

कोअर चार्जने सगळं सुटतं असा माझा दावा नाही. परत आलेल्या इंजिनाचं पुढे काय होतं, ते धुणारा, खोलणारा, ऑइलमध्ये हात बुडवणारा मुलगा किती पगारावर आहे, त्याच्याकडे हातमोजे आहेत का, हे बिलावरची ती ओळ सांगत नाही. बॅटरीचं तर याहून वाईट. घरामागे बॅटऱ्या फोडून शिसं वितळवणाऱ्यांच्या शरीरात ते शिसं जातं, त्यांच्या मुलांच्या शरीरातही. मोडीला भाव मिळाला म्हणजे मोडणाऱ्याला न्याय मिळाला असं होत नाही. आयुर्मान संपलेल्या गाड्यांसाठी २०२१ मध्ये नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्रांचे नियम आले आणि एप्रिल २०२५ पासून अशा गाड्यांची जबाबदारी उत्पादकांवर टाकणारे नियम लागू झाले. कागदावर दिशा बरोबर आहे. आपोआप उगवलेल्या जुन्या बाजारात हा कागद किती पोचतो, ते बघायचं.

असो. आता थोडं कामाचं. कारण तुमच्यापैकी बरेच जण सेकंड हँड गाडी घेतात आणि कधी ना कधी इंजिनाचं काम निघतं.

इंजिन घ्यायला गेलात तर भाव विचारताना दोन भाव विचारा: जुनं देऊन किती, जुनं न देता किती. दोन्ही आकडे पावतीवर लिहून घ्या. अनामत असेल तर ती किती दिवसांत परत, कोणत्या अटींवर, हेही लिहून घ्या. जुनं इंजिन काढल्यावर त्याचा नंबर दिसेल असा फोटो काढा, आणि ब्लॉकचा, हेडचाही. तडा होता की नव्हता, यावर मग वाद होत नाही. जुनं इंजिन गॅरेजमध्येच सोडणार असाल तर 'जुनं इंजिन जमा' अशी ओळ बिलावर असायलाच हवी.

दुसरं, इंजिन बदललं की इंजिन नंबर बदलतो आणि तो आरसी बुकवर चढवावा लागतो. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाखाली हे येतं. आरटीओत विक्रेत्याची पावती लागते. बिनपावतीचं इंजिन स्वस्त मिळत असेल तर ते कोणाच्या तरी चोरलेल्या गाडीतलं असण्याची शक्यता असते, आणि ती भानगड पुढे तुमच्या गळ्यात येते. जुन्या इंजिनाचंही तेच. तुमच्या नावाचा नंबर असलेलं इंजिन कुठे गेलं, याचा एक तरी कागद तुमच्याकडे हवा.

मावसभावाचं म्हणाल तर त्याने नंतर व्हॅनचा गिअरबॉक्स बदलला, तेव्हा पहिला प्रश्न जुन्या गिअरबॉक्सचा विचारला. दुकान दुसरं होतं. तिथल्या माणसाने मुकाट्याने भाव सांगितला आणि लिहूनही दिला. विचारलं की सांगतात, असा त्याचा निष्कर्ष.

वर्ध्याला कधी गेलात तर सेवाग्राम आणि पवनार बघताच सगळे. मगन संग्रहालयही बघा, १९३८ मध्ये गांधीजींच्या हस्ते सुरू झालेलं, गावच्या उद्योगांचं. आणि वेळ असेल तर नालवाडीतून एक चक्कर मारा. तिथल्या कुठल्याही गॅरेजबाहेर एखादा जुना ब्लॉक पडलेला दिसेलच. कोणाचा आहे, त्याचे किती येतील आणि ते कोणाला मिळतील, हे विचारून बघा. उत्तर चटकन आलं तर समजा की त्या गॅरेजमध्ये गाडी द्यायला हरकत नाही.

बाकी पुढच्या शनिवारी.